लाइनवर निसटलेला ‘तू’

“तीन चहा! एक बिनसाखरेचा!” कॅन्टीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावरून कोणीतरी ओरडलं.

“तीन चहा, एक बिनसाखरेचा,” तिच्या मागे रांगेत उभ्या असलेल्याने शांतपणे परत म्हटलं, आणि तिच्या हातातला ट्रे जागच्या जागी थांबला.

हा आवाज! वीज कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये नोकरीला लागल्यापासून हा आवाज ती रोज कानात घेऊन घरी जात होती. चेहरा कधी पाहिला नव्हता. म्हणून मनातल्या मनात तिने त्याला जाड मिशा, बेताचं पोट आणि एक बायको देऊन टाकली होती. म्हणजे आपल्या डोक्याला ताप नाही. वळून पाहिलं, तर मिशा नाहीत, पोट नाही. कान तेवढे जरा बाहेर आलेले. बायकोचं तपासायचं राहिलं.

“पोपट?” तिच्या तोंडून निघून गेलं.

त्याचे डोळे चमकले. “कंट्रोल?”

“हो... म्हणजे, मीच.”

“मला वाटलं होतं, तुम्ही उंच असाल.”

“मला वाटलं होतं, तुम्ही म्हातारे असाल.”

“होईन की,” तो म्हणाला. “थांबणार असाल तर.”

ती ट्रे घेऊन तरातरा निघून गेली. आणि लगेच चमचा विसरला म्हणून परत आली. चमचा ट्रेमध्येच होता.

पोपट हे नाव त्याला कंट्रोल रूमनेच ठेवलं होतं. तो लाइनमन. खांबावर चढायच्या आधी लाइनमनने फोन करायचा, कंट्रोल रूमने त्या तारांमधली वीज बंद करायची, तसं त्याला सांगायचं, आणि त्याने ऐकलेलं शब्दन् शब्द परत म्हणायचं. ऐकण्यात चूक झाली तर वर माणूस जातो, म्हणून. परत सगळेच म्हणत, पण हा पठ्ठ्या तिचा खोकलासुद्धा सोडत नसे.

“पश्चिमेची लाइन बंद केली आहे... हं.”

“पश्चिमेची लाइन बंद केली आहे... हं.”

“‘हं’ म्हणायचं नव्हतं.”

“‘हं’ म्हणायचं नव्हतं.”

शेजारच्या टेबलावर पूर्वेच्या लाइन सांभाळणारे काका रुमालात तोंड घालून हसत. निवृत्तीला आलेला माणूस. खोलीतल्या प्रत्येकाचं मन कुठे गुंतलंय याची त्यांना बित्तंबातमी असे, आणि ती ते कुणाला देत नसत.

आता या खोलीच्या मालकिणीबद्दल सांगायला हवं. आपल्या या ‘कंट्रोल’च्या आधीच्या ऑफिसात साहेबांच्या केबिनचं दार वाजलं, की सगळे पाठ ताठ करून कामात बुडाल्याचं नाटक करत. इथेही नवी नवी असताना तिने तेच केलं. मोठ्या बाई, म्हणजे कंट्रोल रूमच्या प्रमुख, मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “पाठ दुखेल गं. मागे टेक.” एवढ्या एका वाक्यात बाईंनी तिला कायमची मिळवली. फार स्वस्तात मिळवली, असं काका म्हणत.

माणसांच्या बाबतीत बाईंचा हिशेब चोख. वारावादळ असलं की त्या केबिनमध्ये बसत नसत. ज्याचे फोन जास्त खणखणतात त्याच्या शेजारी खुर्ची ओढत. आणि लाइनवर सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणायचं, हा त्यांचा नियम. काल लागलेल्या मदतनीसालासुद्धा. एवढी अदब कशाला, असं वरच्या एका साहेबांनी विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, “ज्याला आपण अरे-तुरे करतो, तो पुन्हा विचारायला लाजतो. खांबावर चढून लाजणारा माणूस मला नको.”

त्यांचा आणखीही एक नियम होता. आपलं माणूस खांबावर असेल, तर त्याची लाइन आपण सांभाळायची नाही, दुसऱ्याकडे द्यायची. नवरा असो, भाऊ असो, जावई असो. घरचं माणूस वर असलं की हात एकतर घाई करतो, नाहीतर कापतो, असं बाईंचं म्हणणं. तेव्हा हा नियम आपल्या गोष्टीच्या आडवा येणार, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तिच्या यायला जरा वेळ लागला.

कारण फोनवरचं सगळं बोलणं रेकॉर्ड होतं, म्हणून दोघांनी सगळं नियमात बसवून टाकलं होतं.

“कंट्रोल, हवामान कळवतो. ऊन आहे, वारा नाही. तुमच्या इमारतीची एक खिडकी उघडी दिसतेय.”

“हवामानात खिडकी येत नाही.”

“हवामानात खिडकी येत नाही. समजलं.” मग जरासा थांबून, “...पण छान दिसतेय.”

घरी आईने विचारलं, “अजून वाढू का गं?” तर ही म्हणाली, “अजून वाढू का. हो, वाढ.” आईचा डाव हवेतच राहिला.

“कोण आहे?” आईने विचारलं.

“कोण आहे... कोणी नाही!”

“बरं,” आई म्हणाली आणि तिने दोन डाव जास्त वाढले.

मग एका दुपारी वारा एकाएकी फिरला. तो पश्चिमेच्या लाइनवर, उंच खांबावर, आणि तिच्यासमोरच्या पडद्यावर शेजारची लाइन लाल झाली. तिच्यावर झाड कोसळलं होतं. काकांचे दोन्ही फोन एकदम वाजायला लागले. तिने बटण दाबलं. म्हणायचं होतं, “काम थांबवा, सगळे खाली उतरा.” तोंडातून निघालं ते असं—

“अरे, खाली उतर! ऐकतोयस ना? उतर आधी!”

खोलीतल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. फोनमधून फक्त वाऱ्याचा घोंगावणारा आवाज.

“अरे, खाली उतर... ऐकतोयस ना... उतर आधी,” तो म्हणाला. शब्दन् शब्द, पण इतक्या हळू, की जणू प्रत्येक शब्द खिशात ठेवत होता. “उतरतोय.”

ती पडद्यावरच्या लाल लाइनकडे पाहत राहिली.

“आम्ही सगळे खाली आहोत, कंट्रोल,” शेवटी आवाज आला. “तुम्ही पाणी प्या.”

बाई केबिनच्या दारात येऊन उभ्या होत्या. तशाच पुन्हा आत गेल्या. काका तेवढे पुटपुटले, “आज कंट्रोलचाच कंट्रोल गेला.”

संध्याकाळी तो फाटकाशी उभा होता, हेल्मेट काखेत, केस कपाळाला चिकटलेले.

“ते... मघाशी,” त्याने सुरुवात केली. “चुकून गेलं का?”

ती पर्सचा पट्टा उगाच सारखा करत राहिली.

“चुकून म्हणालात, तर मी विसरून जातो. उद्या पुन्हा तुमचा आवाज आणि माझं काम. आणि नाही म्हणालात... तर उद्यापासून माझ्या कानात काका.”

“काका चांगले आहेत.”

“चांगलेच आहेत. पण ‘हं’ म्हणत नाहीत ना.”

ती हसली, आणि हसता हसता डोळे भरून आले. “तुम्हाला काय हवंय?”

“मला दोन्ही हवंय. तसं मिळत नाही, म्हणून तुम्हाला विचारतोय.”

“उद्या सांगते,” ती म्हणाली.

‘चुकून’ म्हणणं किती सोपं होतं! एक दिलगिरी, आणि तो आवाज तिचाच राहिला असता. पण तिला एक गोष्ट टोचत होती. तो खाली उतरल्यावर लाइन परत सुरू करताना तिने सगळं पुन्हा पुन्हा तपासलं होतं. गरज नसताना. बटणावरचं बोट दाबायला तयारच होईना, आणि तेवढा वेळ अर्धी वस्ती विनाकारण विजेशिवाय राहिली. आज हात थांबला. उद्या घाई केली तर?

सकाळी ती बाईंच्या केबिनमध्ये गेली.

“कालच्या ‘तू’बद्दल आलीस?” बाईंनी मान वर न करता विचारलं. “चूक झाली म्हणायचंय?”

“नाही बाई. चूक... नव्हती.”

आता बाईंनी चष्मा काढला. “हे त्याला सांगितलंस?”

“अजून नाही.”

“अगं मग मला कशाला आधी सांगतेस? मी करणार आहे का लग्न त्याच्याशी?”

तिचे कान लालेलाल झाले. बाई खळखळून हसल्या, मग गंभीर झाल्या. “लपवलं असतंस तर मला कळलं नसतं असं नाही. पण मग मला तुला विचारावं लागलं असतं, आणि ते मला आवडलं नसतं. आपणहून आलीस, बरं वाटलं. आजपासून पूर्व तुझी, पश्चिम काकांची. आणि जा आता, त्याची गाडी सुटायच्या आत.”

ती पायऱ्या उतरून धावतच गेली. तो गाडीत शिडी चढवत होता.

“चुकून नव्हतं,” ती धापा टाकत म्हणाली.

त्याने शिडी खाली ठेवली. “चुकून नव्हतं.”

“परत म्हणायची गरज नाही. इथे काही रेकॉर्ड होत नाही.”

“म्हणूनच तर म्हणतोय,” तो म्हणाला. “चुकून नव्हतं... तुझं.”

गाडीतल्या सगळ्यांनी एकदम दुसरीकडे पाहिलं, आणि दुसरीकडे पाहण्यासारखं तिथे काहीही नव्हतं.

साखरपुडा झाला. आईने जावयाला पाहिल्या पाहिल्या विचारलं, “अजून वाढू का?” आणि त्याने ते परत म्हटलं तेव्हा कपाळावर हात मारून घेतला. सगळं सुरळीत होतं. तरी तो खांबावर असला, की पूर्वेच्या टेबलावर बसून पश्चिमेकडे न पाहणं हे तिच्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम होऊन बसलं. काका फोनवर हलक्या आवाजात बोलत. कोण वर आहे, कोण खाली, तिला काही कळत नसे. विचारायचं नाही, हे तिनेच स्वतःला बजावलं होतं.

एका सोसाट्याच्या दुपारी काकांनी कानावरचा हेडफोन काढला, खुर्ची तिच्याकडे फिरवली.

“पोरी, तुझ्या माणसाबद्दल मी तुला काहीही सांगणार नाही. नियम आहे.”

“मी कुठे विचारलं, काका?”

“तेच म्हणतो. तू विचारायचं नाहीस, मी सांगायचं नाही.” त्यांनी सावकाश रुमालाने कपाळ पुसलं. “फक्त आज मी वीज परत सोडायच्या आधी त्याच्याकडून सगळं दोनदा म्हणवून घेतलं. आणि आता पश्चिमेला वर कुण्णीही नाही. हे मी आपलं माझ्याशीच बोलतोय.”

तिला पुष्कळ म्हणायचं होतं. काकांना, त्या केबिनच्या काचेआड मान खाली घालून बसलेल्या बाईंना, सगळ्या खोलीलाच. पण तेवढ्यात तिचा फोन वाजला. पूर्वेचा कोणीतरी लाइनमन होता, घाईत, वाऱ्यात ओरडून बोलणारा. नवीन असावा. घरी कोणीतरी त्याचीही वाट पाहत असणार.

“सावकाश सांगा,” ती म्हणाली, आणि खुर्ची पुढे ओढली. “मी आहे इथे.”