येतो म्हणाले आणि गेले

“विमानाने,” वेदांग म्हणाला.

“बोटीने,” अन्वी म्हणाली.

तनया गप्प राहिली. तिला खरं तर जीपने जायचं होतं, पण बहीणभावाच्या भांडणात तिसऱ्याने नाक खुपसलं की दोघं मिळून त्या तिसऱ्यावर उलटतात, हे तिला एव्हाना ठाऊक झालं होतं.

बेटावर जायचे मार्ग तीन. हवेतून, पाण्यातून आणि जमिनीवरून. एवढं ऐकून कुणाला वाटेल की मंडळी अंदमानला निघाली असावीत. कसलं अंदमान! बाहेर ऑक्टोबरचा पाऊस पिरपिरत होता आणि हे ‘दक्षिण समुद्रातलं बेट’ जर्मनीत, आखन आणि कोलोनच्या मध्ये, ऑटोबानला म्हणजे महामार्गाला लागूनच, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या अवाढव्य शेडमध्ये होतं. आत मात्र बारा महिने उकाडा. ट्रकने आणलेली वाळू, कुंडीतले माड, मधोमध मोठं तळं आणि तळ्यात ते बेट. पोपटांचा कलकलाटसुद्धा होता, फक्त पोपट नव्हते. आवाज झाडात लपवलेल्या स्पीकरमधून यायचा आणि थोड्या थोड्या वेळाने तोच पोपट तेच ओरडायचा.

विमान म्हणजे तारेवरून लोंबकळत जाणारा, पंख चिकटवलेला पाळणा होता. जीप पाण्याखालच्या बोगद्यातून जायची. बोटीला नावाडी नव्हताच. ती पाण्यातल्या रुळावरून आपली आपण चालायची आणि धबधब्यामागच्या गुहेतून वळसा घालून काठाला लागायची. शेवटी ठरलं, जाताना विमान, मग एक फेरी जीपची आणि परत येताना बोट. म्हणजे भांडायला काही उरलंच नाही, याचं वेदांगला जरा वाईट वाटलं.

वेदांग आणि अन्वी कोलोनचे, जन्मच तिथला. त्यांना मराठी जवळजवळ सगळं समजायचं, पण उत्तर यायचं जर्मनमध्ये. तनया आईबाबांबरोबर पुण्याहून आखनला येऊन सहाच महिने झाले होते. तिला जर्मन बऱ्यापैकी समजायला लागलं होतं, पण ती उत्तर द्यायची मराठीत. इथे मी सगळ्यांचं बोलणं मराठीतच लिहितोय, पण तुम्ही मनातल्या मनात अर्धं जर्मन धरून चाला.

तनया जर्मन का बोलत नव्हती, त्याला कारण होतं. शाळेतल्या पहिल्याच आठवड्यात घरी निघताना तिने बाईंना सांगितलं होतं, “इश कोम.” म्हणजे ‘मी येते.’ आपण निघताना ‘जाते’ कुठे म्हणतो? ‘येते’ म्हणतो. पण जर्मन माणूस ‘येते’ म्हणजे येतेच समजतो. ‘येते, येते’ म्हणत दाराबाहेर जाणारी मुलगी पाहून अख्खा वर्ग खो खो हसला. पुढे कित्येक दिवस एक मुलगा दारात उभा राहून तिला “इश कोम” करून दाखवायचा. तेव्हापासून तनयाने शाळेत तोंडाला कुलूप घातलं, ते घातलंच. मला पुण्याला आजीकडे परत पाठवा, असं तिने घरी सांगून टाकलं होतं. सुट्टी संपली की ठरवू, असं बाबा म्हणाले होते. आजीने तर तिकडे कपाटातला एक कप्पा रिकामासुद्धा केला होता. आणि आज सुट्टीतला शेवटचा शनिवार होता.

मोठी माणसं काठावरच्या कॅफेत जाऊन बसली होती. तनयाचे आईबाबा, वेदांगचे वडील हृषिकेशकाका आणि आई साधनाकाकू. बाहेरचं खाणं आणायला मनाई असल्यामुळे पर्समधली भाकरवडी टेबलाखालून फिरत होती. आज रात्री मुलं कुणाकडे झोपणार, असं काकांनी विचारलं. तनयाचे बाबा, रुपेश, “बघू, त्यांना हवं तिकडे,” म्हणाले. आपल्याकडे एखादी गोष्ट ‘बघू’वर गेली की तिच्याकडे कुणी बघत नाही. फोन घेऊन पाण्यात जायचं नाही, असा काकूंचा नियम होता, म्हणून तिघांचे फोन गाडीतच होते.

“पाचच्या सुमारास बोटीने परत या,” काकू म्हणाल्या, “आणि सरळ गाडीत जाऊन बसा.”

कुठल्या गाडीत, ते काकूंनी सांगितलं नाही आणि मुलांनी विचारलं नाही.

बेटावरचा बोटवाला एक लांब केसांचा तरुण होता. त्याने मोबाइलमधून मान वर न काढताच तिघांना बोटीत बसवलं आणि बटण दाबलं. वेदांग लगेच कप्तान झाला. “प्रवासी हो, पट्टे बांधा, उजवीकडे शार्क दिसेल,” असं त्याचं चालू होतं. अन्वी म्हणाली की उजवीकडे भिंत आहे. धबधब्याखालून बोट गुहेत शिरली, पहिलं वळण घेतलं, आणि खट्ट करून थांबली.

“कप्तान, तुमची बोट बंद पडली,” अन्वी म्हणाली.

“नाटक असतं ते. आता भूत येईल.”

भूत आलं नाही. उलट मागचा धबधबा थेंब थेंब होत थांबला. गुहेतले रंगीत दिवे गेले आणि मागे वळणापाशी एकच हिरवा दिवा राहिला. काहीतरी चुकतंय, असं तनयाला वाटत होतं, पण काय ते कळेना. मग तिच्या लक्षात आलं.

“पोपट बंद झाले,” ती म्हणाली.

तिघांनी कान देऊन ऐकलं. खरंच सगळे स्पीकर चिडीचूप होते. म्हणजे कुणीतरी सगळ्या हॉलचंच बटण बंद केलं होतं. अन्वीने बोटीबाहेर हात घालून पाहिला. मघाशी हाताला लागणारं पाणी आता लागेना. भिंतीवर शेवाळाची ओली रेघ होती आणि पाणी तिच्या चांगलंच खाली गेलं होतं. बघता बघता बोट रुळावर टेकली आणि एका अंगाला कलली.

“तळं रिकामं करतायत,” अन्वी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. “आपण आत असताना!”

तिघांनी ओरडून ओरडून घसा कोरडा केला. गुहेच्या छताला हवेसाठी जाळी होती आणि जाळीच्या वर कॅफे. वरचं सगळं खाली ऐकू येत होतं, खुर्च्या सरकण्यापासून कपबशांच्या किणकिणाटापर्यंत. पण खालचं वर जाईल तर शपथ. वर कॉफीचं यंत्र घरघरत होतं, आणि हृषिकेशकाका बोलत असताना दुसऱ्या कुणाचा आवाज चालणं तसंही कठीणच.

तेवढ्यात काकांचाच दणदणीत आवाज आला, “बरं तर, येतो आम्ही!”

“ऐकलंस?” वेदांगने सुस्कारा सोडला. “पप्पा येतायत!”

तिघं वाट बघत बसली. अंगात नुसते टीशर्ट होते आणि आत आता गार वाटायला लागलं होतं. वर खुर्च्या वाजल्या, पावलं वाजली आणि लांब गेली. कुणीही आलं नाही. वेदांग जाळीकडे डोळे लावून होता. “येतील, त्यांनी सांगितलंय ना, येतो म्हणून,” असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

तनयाच्या डोक्यात मात्र काकांच्या मागोमाग ऐकलेला दुसरा आवाज घोळत होता. काका ‘येतो आम्ही’ म्हणाले आणि त्यावर बाबा म्हणाले, ‘या, या.’ दारात निरोप देताना म्हणतात, अगदी तसं.

“वेदांग,” ती म्हणाली, “ते येत नाहीयेत. ते गेले.”

“स्वतः म्हणाले ना येतो!”

“जातानाच म्हणतात तसं. ‘जातो’ म्हणणं बरं नाही, म्हणून ‘येतो’ म्हणतात. मी नाही का शाळेत ‘इश कोम’ म्हणून आपलं हसं करून घेतलं? तेच हे. तुझे पप्पा कोलोनला निघाले आणि माझे बाबा आखनला. आपण तुमच्या गाडीत आहोत असं बाबांना वाटतंय, आणि आमच्या गाडीत आहोत असं काकांना.”

वेदांगचा चेहरा पांढराफटक पडला. कप्तान पार नाहीसा झाला. त्याने अन्वीचा हात दोन्ही हातांनी पकडला आणि तो भराभर श्वास घ्यायला लागला. बंद जागेत त्याला असं होतं, अन्वी हळूच म्हणाली. एकदा लिफ्टमध्ये झालं होतं. तेव्हा तो चक्कर येऊन पडलाच होता. “त्याला लवकर बाहेर काढायला हवं, तनया. आणि मी हात सोडला तर जास्त होतं.”

तनयाने मागच्या हिरव्या दिव्याकडे पाहिलं. दिव्याखाली एक लाल पेटी होती आणि तिच्यावर फोनचं चित्र. भिंतीला लागून सफाईवाल्यांसाठी अरुंद कट्टा होता. तिथपर्यंत जाणं अवघड नव्हतंच. अवघड होतं ते तिथे जाऊन बोलणं. अन्वी बोलली असती, पण तिचा हात अडकला होता. वेदांगला तर श्वासच पुरत नव्हता. राहिली ती एकटी, आणि तिच्या तोंडाला कुलूप.

ती कट्ट्यावर चढली. भिंत ओली आणि बुळबुळीत होती. हाताने चाचपत, एकेक पाऊल टाकत, ती दिव्यापाशी पोचली आणि पेटीतला फोन उचलला.

“नोटरूफ,” म्हणजे तातडीची मदत, असा पलीकडून हॉलच्या सुरक्षा कक्षातल्या बाईंचा आवाज आला. “काय झालं?”

तनयाच्या डोळ्यांसमोर वर्ग आला, दारातला मुलगा आला. मागून वेदांगच्या धापा ऐकू येत होत्या. तिने डोळे मिटले आणि येईल तसं जर्मन बोलायला सुरुवात केली. आम्ही बोटीत. तीन मुलं. बोट कापूत, म्हणजे बिघडली. पाणी जातं. मुलगा श्वास वाईट.

बाईंनी ऐकून घेतलं आणि त्या जरा करड्या सुरात म्हणाल्या की बोटी कधीच बंद झाल्या आहेत, बोटवाला बंद करून घरी गेलाय, पाण्यावर कुणी नाही. हा फोन खेळायला नसतो. आणि त्यांनी फोन ठेवला.

तनयाला रडूच येणार होतं. पण रडू येण्याआधी राग आला. तिने पुन्हा फोन उचलला.

“आम्ही इथे!” ती ओरडली. व्याकरण गेलं खड्ड्यात. “वर कॅफे! मी ऐकते! खुर्ची! कॉफी!”

मग बाई म्हणाल्या, “थांब. मी हा फोन घेऊनच आता कॅफेत जाते. तू खरंच तिथे असशील तर काय ऐकू येतं ते मला सांग.”

तनया जाळीकडे कान लावून उभी राहिली. पावलं आली. मग वर जमिनीवर काहीतरी आपटलं, धप्प. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा.

“द्राय!” ती फोनमध्ये म्हणाली. “तीनदा! खुर्ची!”

“अरे देवा,” बाई जर्मनमध्ये म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पार बदलला. “विअर कोमेन!”

आम्ही येतो! तनयाचं आज एकदा ‘येतो’ ऐकून झालं होतं.

“कोमेन... इकडे?” तिने विचारलं. “आमच्याकडे? की तुम्ही जाता?”

“इकडे, बाळा. तुमच्याकडे. फोन ठेवू नकोस.”

आणि खरोखरच त्या आल्या. बॅटरी, दोन माणसं आणि तीन जाड टॉवेल घेऊन, गुडघाभर उरलेल्या पाण्यातून डबाक डबाक करत आल्या. वेदांगला बाहेर मोकळ्यावर नेऊन बसवलं. गरम कोको पोटात गेल्यावर त्याला रंग आला आणि तो पहिलं वाक्य बोलला, “शार्क काही दिसला नाहीच.” अन्वीने त्याच्या पाठीत गुद्दा घातला आणि मग त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

वेदांगला काकांचा नंबर पाठ होता. काका कोलोनच्या अर्ध्या वाटेवर होते. “मुलं रुपेशच्या गाडीत आहेत,” असं त्यांनी बाईंना ठणकावून सांगितलं. तेव्हा वेदांगने फोन घेतला आणि फक्त “पप्पा” म्हणाला. दोन्ही गाड्या दोन दिशांनी परत आल्या. मग सगळा उलगडा झाला. एक गाडी पुढच्या पार्किंगमध्ये होती आणि दुसरी मागच्या. आपल्या गाडीत मुलं नाहीत म्हणजे त्यांच्या गाडीत असणार, असं दोघांनीही धरून चाललं होतं. सफाईसाठी तळं रिकामं करायचं होतं, म्हणून बोटवाल्याने शेवटची बोट काठाला लागली का ते न बघताच बटण बंद केलं आणि जीपने बोगद्यातून बाहेर पडून घर गाठलं. हॉलच्या व्यवस्थापकांनी चार-चारदा माफी मागितली. मोठ्यांना मान वर करून बघवेना.

“या मुलीने अगदी अचूक वर्णन केलं,” फोनवाल्या बाई आईबाबांना सांगत होत्या. “मी तर फोन ठेवून दिला होता. तिने मला सोडलं नाही.”

साधनाकाकूंनी तनयाला घट्ट जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. हृषिकेशकाका, ज्यांचा आवाज कधी खाली यायचा नाही, ते अगदी हळू म्हणाले, “माझं एक ‘येतो’ माझ्या मुलाला कळलं नाही. तुला कळलं. शहाणी आहेस गं पोरी.” बाबांनी स्वतःचा कोट तिच्या अंगावर घातला.

निघताना वेदांग गाडीच्या काचेशी आला. “येतो,” तो म्हणाला. चक्क मराठीत.

“कुठलं येतो? जातानाचं की येतानाचं?”

वेदांगने विचार केला. “दोन्ही. पुढच्या शनिवारी आखनला.”

गाडी ऑटोबानला लागल्यावर बाबांनी पुण्याला फोन लावून दिला. तनयाने आजीला सगळं सांगितलं, पोपटांपासून खुर्चीपर्यंत. आजी मध्ये मध्ये “अगं बाई” म्हणत होती. बाहेर पाऊस चालूच होता.

“बरं आजी, येते हं,” तनया शेवटी म्हणाली.

आजीने जपून विचारलं, “म्हणजे इकडे येतेस, की फोन ठेवतेस?”

तनयाने काचेबाहेर पाहिलं. पुढे निळ्या पाटीवर ‘आखन’ लिहिलेलं होतं.

“फोन ठेवतेय, आजी,” ती म्हणाली. “सोमवारी शाळा आहे.”