फिरायला जायच्या दिवशी

दवाखान्यात रक्तदाब तपासायला बसलेल्या बाईंची बाही काही केल्या कोपराच्या वर सरकत नव्हती.

"बाही आहे की तुरुंग?" शेजारच्या खुर्चीतून कुणीतरी हळूच विचारलं. "शिवली कुणी?"

"मीच," बाई मान न वळवता म्हणाल्या.

"मग… आम्ही टेलर लोकांनी गप्प बसलेलं बरं."

बाईंना हसू आवरलं नाही. जन्मभर गणित शिकवलेल्या बाई आणि बायको गेल्यापासून एकटे राहणारे टेलरमास्तर, यांची ओळख झाली ती अशी. मग दोघं आठवड्यातून दोनदा नदीकाठी फिरायला जाऊ लागले. मास्तरांची जीभ कात्रीसारखी चालायची. बाई निघताना दोनदा केस विंचरू लागल्या, आणि तसं करताना स्वतःवरच चिडू लागल्या.

एक गोष्ट मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतली होती. त्यांचे यजमान "मला काही त्रास नाही, मग गोळ्या कशाला?" म्हणत राहिले, आणि एका सकाळी दाढी करता करता खाली बसले ते उठलेच नाहीत.

"मास्तर, गोळ्या वेळेवर घेता ना?"

"एकही चुकत नाही."

बाईंनी विश्वास ठेवला.

एका दुपारी फिरताना नदीच्या कठड्याशी मास्तर बोलता बोलता थांबले. "बाई… ही झाडं हलतायत का?"

पान हलत नव्हतं. मास्तरांचा चेहरा लालभडक झाला होता, तळहात मात्र गार. बाईंनी रस्त्यात उभं राहून गाडी थांबवली. दवाखान्यापर्यंत वाटभर त्या त्यांचा हात घट्ट धरून होत्या. हा हात आपण पहिल्यांदाच धरतोय, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

नर्सनं पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि काही न बोलता डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं.

"गोळ्या चुकल्या होत्या का, काका?" डॉक्टरांनी विचारलं.

मास्तरांनी आधी बाईंकडे पाहिलं, मग छताकडे. "नाही."

"घेऊनही एवढं वाढलंय? मग औषध वाढवावं लागेल."

मास्तरांची ती नजर बाईंना ओळखीची होती; गृहपाठ न केलेलं पोर अशीच बघतं. त्या उठल्या. "मी बाहेर बसते. माझ्यासमोर हे खरं सांगायचे नाहीत."

त्या दारापर्यंत पोचल्या, तोच मागून आवाज आला. "बाई… थांबा."

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. "रक्तदाबाची ती लघवीची गोळी… फिरायला जायच्या दिवशी घेत नाही. घेतली की सारखं पळावं लागतं. तुमच्याशी बोलता बोलता मी… कसं सांगणार होतो?"

बाई दारातून रागानं मागे फिरल्या.

"म्हणजे माझ्यासाठी सोडलीत? मास्तर, मी एकाला असं घालवून बसलेय. पुन्हा ते बघायची माझ्यात ताकद नाही."

"नाही बघावं लागणार."

"असं तेही म्हणायचे."

डॉक्टरीणबाई मध्ये पडल्या. ती गोळी सकाळी उठल्याबरोबर घ्या, दुपारपर्यंत तिचा जोर बराच ओसरतो. अडचण आली तर इथे येऊन सांगा, मनानं बंद करू नका, असं त्यांनी समजावलं. नवीन औषध लिहिलं नाही. संध्याकाळी आकडा उतरला तेव्हा कुठे बाई पाणी प्यायल्या. पण मास्तरांशी एक शब्दही न बोलता त्या घरी गेल्या.

पुढचे दोन्ही फिरायचे दिवस बाई गेल्या नाहीत. त्यानंतरच्या खेपेला मात्र गेल्या. मास्तर कठड्याशी उभे होते, जरा उतरलेल्या चेहऱ्यानं.

"सकाळची गोळी?"

"घेतली."

दोघं चालू लागले. अर्ध्या वाटेवर मास्तर अडखळले. कान लाल झाले, पण या वेळी ते हसलेही.

"मला… जरा जाऊन यायचंय."

"जा की. मी आहे इथेच."

परत येताना ते जवळजवळ धावतच आले, आणि बाईंना पाहून थबकले. "मला वाटलं, गेलात."

"कुठे जाणार होते?" बाईंनी त्यांचा हात धरला, या वेळी चांगलं ध्यानात ठेवून. "आणि हे अहो-जाहो पुरे आता. चल."