नाव न घेता मारलेली हाक

ज्याला खोटं वाटेल त्याने इथेच थांबावं. बाळाजीकाका माझे सख्खे चुलते. उभा जन्म नाशकातल्या नोटांच्या प्रेसमधल्या नोकरीत गेला. थापा मारणं त्यांच्या रक्तातच नाही.

मागच्या जानेवारीतली गोष्ट. सुरू झाली अंदमानात, आणि येऊन पोहोचली नाशकात, इंदिरानगरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये.

इंदिराकाकूला समुद्राचं भारी वेड. पण गर्दीचा नको, भेळवाल्यांचा नको. जिथे चिटपाखरूही फिरकत नाही, असा किनारा हवा. अंदमानातलं लाँग आयलंड नावाचं बेट तिने मोबाइलवर शोधून ठेवलं होतं. काका म्हणायचे, रिटायर झालो की जाऊ. रिटायर झाले. मग तिचे गुडघे गेले, मग मोतीबिंदू...

आणि एक दिवस काकूच गेली.

दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवला. कावळे नुसते बसून होते. एकही शिवेना. मुलीला जपू म्हणून झालं, नातवाला शिकवू म्हणून झालं. शेवटी काका हात जोडून पुटपुटले, "घेऊन जातो तुला त्या बेटावर."

लगेच कावळा शिवला.

दिलेला शब्द पाळायलाच हवा. काका एकटेच निघाले. लाँग आयलंडच्या धक्क्यावरून लहानशा होडीने लालाजी बे नावाच्या किनाऱ्यावर उतरले. पांढरी वाळू, मागे जंगल, समोर काचेसारखं पाणी. माणूस नावाला नाही. इतकं देखणं, की काकांना रडूच आलं. दाखवायचं कोणाला?

तिकडे दिवस लवकर मावळतो. होडीवाला घाई करू लागला. काका निघाले...

आणि थबकले.

तिला इथे टाकून जायचं? पुन्हा त्या रिकाम्या घरात एकट्याने शिरायचं? त्यांच्याने ते होईना.

काका जुन्या वळणाचे. बायकोला जन्मात कधी नावाने हाक मारलेली नाही. सवयीने तशीच हाक गेली.

"अगं, चल घरी."

लाटांचा आवाज थांबला...

क्षणभरच. मग ओल्या वाळूवर पावलं वाजली. दिसलं कोणीच नाही.

होडीत काका डावीकडे बसले. होडी उजवीकडे कलली. होडीवाला म्हणाला, "अंकल, उधर क्या रखा है? बहुत वजन है."

काकू तर अंगाने अगदी काडी. पण काका इतके आनंदात होते, की त्यांनी तिकडे लक्षच दिलं नाही.

नाशकात परतल्यावर दुसऱ्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात भांडं वाजलं. काकांचे डोळे भरून आले. आली! कित्येक दिवसांनी ते पोटभर जेवले.

पुढे रोजचंच झालं. दिवेलागणीला गॅलरीतून पावलं यायची. ओली... भराभर...

काकूचे तर गुडघे गेलेले. ती भिंत धरून चालायची.

मग कपाटाचं दार उघडायचं. मग दुसरं. मग तिसरं... डब्यांची झाकणं निघायची. चहाचा डबा सापडेपर्यंत हेच चालायचं.

एका संध्याकाळी सोफ्यावर बसून हे ऐकताना काकांच्या एकदम लक्षात आलं. ते स्वयंपाकघर काकूने स्वतः लावलेलं. वीज गेली तरी तिचा हात नेमका डब्यावर पडायचा. तिला कशाला शोधावं लागेल?

मग ही कोण?

त्यांनी घाबरून पुण्याला लेकीला, मृण्मयीला फोन केला. ती दुसऱ्याच दिवशी आली, त्यांची बॅग भरली, कायमचं माझ्याकडे चला म्हणाली. काका मुकाट्याने दारापर्यंत आले. तेवढ्यात आत कपाटाचं दार करकरलं...

मृण्मयीनेही ते ऐकलं. काका मागे फिरले.

"बाबा, ती आई नाहीये."

"माहितीये मला," काका म्हणाले. "पण कोणीतरी आहे ना."

आणि चपला काढून ते आत गेले.

परवा मी फोन केला होता. तब्येतीची चौकशी केली, चहा वेळेवर होतो का विचारलं.

"होतो की," काका म्हणाले. "आता तिला डबा लगेच सापडतो."

मी फोन ठेवला. त्यांच्याकडे जायचा अजून धीर होत नाही... आणि काका तिथे एकटे राहतात, असं कोणाला सांगायला जीभही रेटत नाही.