रॅकेटला नमस्कार

साहेब, माणसं म्हणजे पार्सलं वाटतात का हो तुम्हाला? अमेरिकेत आणून आधी सांता क्लारा, मग हे चँडलर, आणि आज दुपारी फोनवर, वाक्याच्या शेपटीला सहज जोडल्यासारखं, "पद्मिनी, सोमवारपासून शॉमबर्ग. जाड कोट घेऊन ठेव हं." मला विचारलंत? एकदा तरी? व्हिसा तुमच्या कंपनीने केला, म्हणून मी तुमच्या मालकीची झाले?

मग ऐकाच आता, इथे माझं काय आहे ते.

सप्टेंबरात मी इथल्या पार्कातल्या टेनिसच्या क्लासला नाव घातलं. मोठ्या माणसांचा क्लास, अगदी श्रीगणेशापासून. शाळेत मैदान मुलांचं आणि आम्ही मुली कडेला टाळ्या वाजवायला. तो राग एकतिसाव्या वर्षीही गेला नव्हता. पहिल्याच संध्याकाळी बॉलमागे उलटी धावताना बाकाजवळ कुणाच्यातरी रॅकेटवर पाय पडला. हात आपोआप खाली गेला... आधी रॅकेटला, मग कपाळाला.

"ओह नो," मागून आवाज आला. "तू पण?"

सहा फुटी, उन्हाने रापलेला, हसताना एकाच गालाला खळी.

"माझ्या आईने लावलेली सवय. हेल्मेटला पाय लागला तरी मी नमस्कार करतो. स्टेशनवर सगळे हसतात."

"कसलं स्टेशन?"

"फायर स्टेशन. मी ऋषी. फायरफायटर. बॉर्न हिअर. मराठी मंडळातल्या काकू अजून विचारतात, अरे, इंजिनिअर कधी होणार?"

साहेब, हा माणूस पेटलेल्या घरात शिरतो आणि याला साधी सर्व्हिस जमत नाही! बॉल कधी कुंपणापलीकडे, कधी शेजारच्या हिरवळीवर, चालू स्प्रिंकलरच्या मधोमध. तो खो-खो हसत जातो, भिजून परत येतो आणि कोचबाईंना म्हणतो, "अगेन, प्लीज." दर वेळी! कुठून आणतो हा एवढा मोकळेपणा? मी आयुष्यभर चुका लपवत आले, आणि हा त्या सगळ्यांसमोर, भर उजेडात करतो. मी आपली बघत राहते... आणि माझा बॉल जातो.

"सारखं सॉरी कुणाला म्हणतेस?" एकदा त्याने विचारलं.

"बॉलला."

"बॉल इज फाइन, यार. मला म्हण. मघाशी माझ्या कानाला लागला."

"मग कानाला नमस्कार करू?"

आगीला न घाबरणारा माणूस — लागलेला कान सोडा, दुसराही लाजून लाल!

आणि आत्ता, क्लास सुटल्यावर, मी त्याला शॉमबर्गचं सांगितलंय. वाऱ्याने स्प्रिंकलरचे तुषार दोघांच्या अंगावर येताहेत. सरकायचं कुणालाच सुचत नाहीये. तो बोटाने रॅकेटच्या तारा उगाच सारख्या करतोय.

"तुला... जायचंय?"

एवढंच विचारलं त्याने. इथे आल्यापासून हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता, साहेब. तुम्ही तर नाहीच.

"नाही," मी म्हणते.

"देन... आय मीन, इफ यू स्टेड, आय वुड—"

"काय?"

"आय डोन्ट नो हाऊ टू—"

"ऋषी, ऐक. मी जात नाही. साहेबांना सकाळी तोंडावर सांगणार आहे. दुसरी नोकरी मी शोधीन, ती काळजी माझी. व्हिसासाठी तुझे उपकार नकोत. पण तू मला आवडतोस. खूप. असाच, भिजलेला, बॉल कुंपणापलीकडे घालवणारा. आता तू सांग. मी आवडते का तुला? आणि इंग्लिशमध्ये पळायचं नाही. मराठीत, माझ्याकडे बघून. हो की नाही? बोल!"