खाडीवरून आलेला जनरेटर

"ऋतिक, तो मोबाइल उलटा ठेव. अन् प्रेरणा, मधातच 'मंग काय झालं' म्हनायचं नाही," असं बजावून पुंडलिकराव शेकोटीजवळ सरकले. राळेगावचा जफर मिस्त्री त्यांचा जुना दोस्त. त्याच्या तोंडून ऐकलेली गोष्ट त्यांनी त्या रात्री पोरांना सांगितली, ती अशी.

औंदाची पौष अमावास्या, रविवार. जफर मिस्त्री विठ्ठलरावांच्या शेतात निघाला होता, विहिरीवर एक जनरेटर बसवून द्यायला. रात्रीच्या लाईनचा काही नेम नसतो, हे काय सांगायचं! ट्रॅक्टरचा पट्टा चढवला की जनरेटर फिरेल, मोटार चालेल, हरभऱ्याला पाणी मिळेल. काम सरळ होतं आणि जफर खुशीत होता.

जनरेटर त्याला नागपूरच्या भंगारात सापडला होता. कोकणात कुठल्याशा खाडीवर समुद्राच्या पाण्यातून वीज काढायचा प्रयोग झाला होता म्हणे, त्यातला. भरतीचं पाणी आत शिरताना पंखा फिरवायचं, ओहोटीला परतताना उलटा फिरवायचं, आणि दोन्ही वेळेला वीज. भंगारवाल्यानं आणखीही सांगितलं, की एक पाणबुड्या पंख्यातलं शेवाळ काढायला खाली उतरला, तेवढ्यात पाणी फिरलं आणि तो वर आलाच नाही. जफर हसला. भंगारवाल्याच्या हर एक वस्तूला अशी काहीतरी गोष्ट चिकटलेली असतेच. आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यात समुद्र म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातली निळी शाई! त्यानं आतलं तांबं पाहिलं, हरखला, नवी तार भरली आणि मशीन चकाचक केली.

विहिरीवर पट्टा चढला, मोटार घरघरली, पण पाणी काही वर येईना. विहिरीतल्या पाइपाच्या तोंडचा वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, गच्च झाला होता. विठ्ठलरावांनी पट्टा उतरवला आणि ते नवा वॉल आणायला ट्रॅक्टर घेऊन गावात गेले. मागे राहिले जफर आणि विठ्ठलरावांचा एकुलता मुलगा नयन.

"चाचा, तवरोक जुना खोलून ठेवतो ना. थंडीत दोन खेपा कायले?"

"उतर, पन दोर बांध. अन् मोटारीची तार सोडशीन तं मले आवाज दे."

आता विहिरीत माणूस उतरवायची आपल्याकडे एक रीत आहे. लाईनच्या पेटीतले तिन्ही फ्यूज काढायचे आणि स्वतःच्या खिशात घालायचे, म्हणजे कोणी येडं येऊन खटका दाबला तरी भीती नाही. जफरनं फ्यूज खिशात घातले. शिवाय मोटारीला वीज लाईनची की जनरेटरची हे ठरवणाऱ्या चेंजओव्हरचा दांडा जनरेटरच्या बाजूलाच राहू दिला. जनरेटरला ना पट्टा, ना ट्रॅक्टर. याहून पक्का बंदोबस्त कोणता? तीस वर्षांच्या अनुभवाचा मिस्त्री, पण तिथंच चुकला.

नयन खाली कपारीवर, मोटारीजवळ पोचला. दोराचं दुसरं टोक बाभळीला होतं. रात्रीचे नऊ वाजत आले होते.

"चाचा, तार सोडून राह्यलो!"

"सोड बिनधास्त!"

जफर सुपारी कातरत बसला. जनरेटरवर तपासणीचा एक बल्ब लटकत होता. त्याची तार लाल झाली.

जफरला वाटलं, विठ्ठलराव आले. त्यानं वळून पाहिलं. ट्रॅक्टर नव्हता. पट्टा जमिनीवर पडला होता.

जनरेटरचं चाक फिरत होतं.

हळू. बिनआवाज. इंजिनावर फिरतं तसं नाही... पाणी ढकलत नेतं तसं.

"नयन! तार टाक! हात काढ!"

...

"नयन, आवाज दे बेटा!"

बल्ब पिवळा झाला. खाली त्या पोराच्या हातात उघडी तार होती, आणि जफरनंच त्याला बिनधास्त म्हटलं होतं. तो दांड्यावर झेपावला. दांडा मधोमध आणला. विहिरीकडची वीज तुटली.

बल्ब मात्र पेटलेलाच राहिला.

त्यानं दोर धरला. ओढला. दोर हलेना. नयन तसा काडीपैलवान, पण खाली दोन पोती बांधल्यासारखं वजन होतं. विहिरीत पाणी वर चढत होतं, परत जात होतं. चढत होतं... परत जात होतं.

"या अल्ला..." हाताची सालं निघाली. तो ओढत राहिला.

दोर काठाशी आला, आणि वजन एकदम निम्मं झालं. जफर मागे कोसळला. मग काठावर नयनचे दोन्ही हात आले. जफरनं त्याला छातीशी धरलं आणि लहान लेकरासारखा रडला. पोराचे तळवे भाजले होते, पण श्वास चालू होता.

"बोल ना रे. काही तं बोल."

नयन जफरच्या खांद्यावरून मागच्या अंधारात पाहत होता.

"चाचा... माह्या पहिले वर..."

पुढे काही नाही. त्या रात्री नाही, आणि अजूनही नाही.

तेवढ्यात ट्रॅक्टर आला. विठ्ठलरावांनी उडी टाकली, पोराला जवळ घेतलं, कमरेची गाठ सोडली. ट्रॅक्टरचा उजेड दोरावर पडला होता. नयनच्या गाठीखाली वावभर, चारेक हात दोर मोकळा उरला होता, जफरनं स्वतः तसा सोडला होता.

तो आता मोकळा नव्हता. त्याच्या टोकाला आणखी एक वेढा होता. माणसाच्या कमरेएवढा. त्याची गाठ तिघांपैकी कोणालाच बांधता येत नव्हती.

वेढ्यातून पाणी गळत होतं. आत कोणी नव्हतं.