मशीनवरचं कुंकू

लाईट येईपर्यंत ऐका. आणि हसायचं असेल तर शेवटी हसा. उद्धवरावाला मी चांगला ओळखायचो, मोशीहून एकाच कंपनी-बसने जायचो आम्ही. थापा मारणं त्याच्या रक्तात नव्हतं.

एक्याऐंशी सालची खंडेनवमी. पिंपरीतल्या एका कारखान्यात तेव्हा खोलीभर कॉम्प्युटर होता. तो सांभाळायचे मालोजीराव. श्रावणात ते वारले आणि मशीन उद्धवच्या गळ्यात पडलं. मालोजीराव मूळचे पत्रे दाबणाऱ्या प्रेसशॉपचे, तिथंच त्यांच्या अनामिकेचा शेंडा गेला होता. पूजेला त्या थोट्या बोटानंच कुंकू लावायचे, तेही फक्त खोलीच्या दाराला. आत चिमूटभरही नेऊ द्यायचे नाहीत. उद्धवला वाटायचं, म्हाताऱ्याचा हेका. त्यानं मशीन बंद केलं आणि दोन्ही डिस्क-ड्राइव्हवर मनोभावे हळद-कुंकू वाहिलं.

रात्री ते सुरू करायला एकटाच गेला. सकाळी सगळ्या कामगारांचे पगार निघायचे होते, आणि हा अजून टेंपररी. मशीन अडलं की नोकरी गेलीच.

मशीन उठेना. डिस्क खरवडल्याचा आवाज आला, मग सगळं गप्प. आतली सिस्टिम खलास. आता तिची एकच प्रत उरली होती, राखीव डिस्कवर. ती शेजारच्या ड्राइव्हमध्ये घालायला तो वाकला.

मागं टाइपरायटर वाजला. एरवी मशीन त्यावरूनच बोलायचं. पण मशीन तर बंद पडलेलं…

टक. टक.

कागदावर इंग्रजीत एकच शब्द. थांब.

तंबाखू-चुन्याचा वास आला. त्या खोलीत तंबाखू खायची हिंमत एकाच माणसाची होती.

"मालोजीदादा…?"

लाईट गेली.

अंधारात कुणीतरी फडक्यानं पुसत होतं. सावकाश. मग तेही थांबलं. अगदी समोर…

लाईट आली. दोन्ही ड्राइव्ह लख्ख, कुंकवाचा कणही नाही. कुंकवाच्या कणांनीच डिस्क खरवडली होती आणि राखीवही तशीच गेली असती, हे उद्धवला तेव्हा कळलं. त्यानं राखीव डिस्क बसवली. मशीन उठलं. पगार निघाले.

उजाडताना तो गेटवर आला. पहाऱ्यावर महाळुंग्याचा खंडू होता.

"साहेब, आत एकलंच व्हता न्हवं?"

"हो. का रे?"

"मंग कपाळाला कुकू कुणी लावलं?"

उद्धवनं उभ्या ट्रकच्या आरशात पाहिलं. रुंद, बोथट ठसा. शेंडा नसलेल्या बोटाचा.

अजून ओला होता.