लोण्याचं बोट

साहित्य

दुधाच्या दुकानात असा प्रश्न कुणी विचारत नाही. समोरच्या चष्म्याच्या दुकानात नव्याने लागलेल्या माणसाने तो विचारला.

"दूध नसलेलं काही मिळेल? खायला?"

गल्ल्यावर बसलेल्या मुलीने वर पाहिलं. त्याच्या काचांवर पावसाचे थेंब, चेहरा गंभीर.

"रिकामी बरणी आहे," ती म्हणाली. "पण तिलाही दुधाचा वास येतो."

तो हसला आणि गेला. दुसऱ्या दिवशी परत आला. घेण्यासारखं काही नव्हतंच, म्हणून तिच्या चष्म्याचे स्क्रू आवळून गेला. त्यानंतर तिचा चष्मा वरचेवर सैल व्हायला लागला.

"माशी आली तरी काहीतरी खाऊन जाते," बाबा म्हणाले. "हा कशाला येतो?"

जनावराचं काही खायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. का, ते तिने विचारलं नाही. दुधावर वाढलेल्या मुलीने कुठल्या तोंडाने विचारावं?

मग एकदा स्क्रू आवळता आवळता तो म्हणाला, "दुसऱ्या गावात मोठं दुकान सांभाळायला बोलावलंय. रविवारी दुपारच्या बसने जाऊन होकार द्यायचा."

तिला म्हणायचं होतं, थांबा. तोंडातून निघालं, "मग सकाळी नाश्त्याला या."

कृती

पिकलेली केळी कुस्करायची. जवसाची पूड पाण्यात भिजवायची, ती अंड्याचं काम करते. ओट्स, दालचिनी, चिमूटभर मीठ, सफरचंदाच्या फोडी, मनुका. सगळं बदामाच्या दुधात कालवायचं.

"बदामाला दूध कुठून आलं?" बाबांनी विचारलं.

"बाबा, आज नको."

दार वाजलं. ती उघडायला गेली. तो आत आला, ओले बूट काढले, आणि तिने काहीतरी करायला हवं म्हणून मिश्रण भांड्यात ओतलं. भांड्याकडे न बघता. त्याच्याकडे बघत.

ओव्हनमध्ये ठेवायचं. वाट बघायची.

इथे बोलायचं, असं तिने योजलं होतं. पण ती सफरचंदाबद्दल बोलली. तो काचांबद्दल बोलला. आणि मग वास आला... दालचिनीच्या मागून, कडेकडेने. लोणी. तो वास ती झोपेतही ओळखेल.

तिने बाबांकडे पाहिलं. बाबा खिडकीकडे पाहत होते.

"एक बोटभर फक्त," ते पुटपुटले. "पाहुण्याला कोरड्या भांड्यातलं द्यायचं? आपल्या घरात?"

तिने ओव्हन उघडला. वाफेने त्याचा चष्मा धुरकटला. वरून सोनेरी, कडेला फळांचा रस बुडबुडत होता. तिच्या हातून इतकं देखणं काही आजवर झालं नव्हतं.

"सुंदर दिसतंय," काहीच दिसत नसताना तो म्हणाला.

बाबांनी तिला डोळ्याने खुणावलं. राहू दे. कळतंय कुणाला.

तिने भांडं त्याच्यापुढे ठेवलं. चमचा दिला. आणि चमचा परत घेतला.

"खाऊ नका. भांड्याला लोणी लागलंय."

त्याने चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

"मला कळलं असतं?"

"नसतं."

"मग सांगितलंत कशाला?"

"तुम्ही जाऊ नये, असं मला वाटतं म्हणून." ती चमच्याकडे बघत होती. "आणि नाही गेलात तर... रोज कुठलं ना कुठलं भांडं असणारच ना? मग तुम्ही रोज संशयाने वास घेत बसणार. नाही तर मी रोज गप्प."

बाहेर पाऊस रिमझिमत होता. त्याने चष्मा लावला आणि तिच्याकडे नीट पाहिलं, नंबर तपासताना पाहतात तसं.

"पुन्हा करायला किती वेळ लागेल?"

"तुमची बस जाईल एवढा."

"केळी आहेत?"

"आहेत."

"इकडे द्या. मी कुस्करतो."

टीप

पहिलं भांडं बाबांनी स्वतःकडे ओढलं. खाल्लं. अजून थोडं खाल्लं.

"वाईट नाही," ते म्हणाले. "लोण्यामुळे असेल."

ती सफरचंद चिरत होती, तो केळी कुस्करत होता, आणि दोघांचीही कोपरं एकमेकांना लागत होती — ओटा लहान नसतानाही.

बाबा उठले. फडताळातून दुसरं भांडं काढलं, धुतलं, पुसलं, पुन्हा पुसलं आणि त्याच्यासमोर ठेवलं.

"घे. काय लावायचं ते तूच लाव."

आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून ते दूर जाऊन उभे राहिले.